खांदे सैल सोडा

जेवणाची सुट्टी संपली की ऑफिसात सगळ्यांनी डोळे मिटून बसायचं, ताण घालवायला. तसा वरूनच हुकूम होता. स्पीकरवर एका बाईचा मऊ आवाज लागायचा, "खांदे सैल सोडा... कसलीही घाई नाही..."

"किती गोड आवाज! कोण हो या?" नव्या रिसेप्शनिस्टने शेजारच्या काकूंना हळूच विचारलं.

"तुझ्या आधीची. रजा मागत होती, तर साहेबांनी उलट हे रेकॉर्डिंग करायला थांबवून घेतलं. पुढच्याच आठवड्यात तुझ्या त्या खुर्चीतच मान टाकली पोरीने."

नव्या रिसेप्शनिस्टने घाबरून डोळे उघडले. बाकी सगळ्यांचे मिटलेले होते. साहेब तेवढे टक्क दाराकडे बघत होते.

 

रेकॉर्डिंग संपता संपता, कापायचं राहून गेलेलं, त्याच आवाजातलं घाईघाईचं उत्तर ऐकू आलं, "हो सर, आलेच!"