हॅनन पाद्र्याची जपमाळ
हॅनन पाद्री जर्सी सिटीच्या वृद्धाश्रमात आला, त्याच दिवशी तिथेच राहणाऱ्या ब्रायडीने त्याला ओळखलं होतं. पण डूख धरून ती गप्प बसली. एकोणीसशे चौऱ्याऐंशीच्या हिवाळ्यात त्याची घटका भरत आली, तेव्हा बर्फाने रस्ते बंद होते. "चर्चमधून कुणी येऊ शकत नाही, आजी. फादरजवळ तुम्ही बसाल?" नर्स नंदा विचारून गेली. ब्रायडी खुर्ची ओढून बसली. म्हाताऱ्याच्या हातातली जपमाळ खाली पडली होती. "तेवढी देता?" तो पुटपुटला. तिने ती उचलली आणि मुठीत धरली. "कॉन डेलनी आठवतो, फादर? मी त्याची बहीण." एकोणीसशे बावीस साली आयर्लंडमधून इंग्रज गेले आणि त्यांच्याशी झालेल्या तहावरून आयरिश लोकांची आपसातच जुंपली. तहाविरुद्ध लढणाऱ्या कॉनला नव्या आयरिश सरकारने गोळ्या घालायला भिंतीशी उभं केलं. लढलो हे पाप झालं, एवढं तो म्हणाला असता तर तरुण हॅनन त्याला पापक्षमा देणार होता. कॉन म्हणाला नाही, आणि हॅनन पाठ फिरवून निघून गेला. "आता तुम्ही म्हणा, त्याला तसं सोडून गेलो हे पाप झालं," ब्रायडी म्हणाली. "मग माळ देते." "बिशपांचा हुकूम होता, पोरी. मी चुकलो नाही." म्हाताऱ्याने ओठ घट्ट मिटले. तो हट्ट तिच्या ओळखीचा होता. कॉनचाही अगदी असाच होता. तिने माळ स्वेटरच्या खिशात टाकली. तो चादरीवर हाताने चाचपडत राहिला. ती मात्र खुर्चीतून हलली नाही. कॉनपाशी तर शेवटी बसायलाही कुणी नव्हतं.