चिमणीची हजेरी

“कोन हाय गो तिकरं? गप नको बसू. बोल.”

सगुणाबाईंचा हा आवाज वासंतीने पहिल्यांदा ऐकला, तेव्हा तिचा हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी बिनतारी संचाचा, परवाना नुकताच आला होता आणि माईक हातात धरून ती मुकी झाली होती. कोपरीहून कुणी कोळीण खरखरीतून हाक मारत होती, खाडीच्या या काठावरून त्या काठावर मारावी तशी. वासंती बोलली. ते ब्याऐंशी साल.

आता एक्याण्णव होतं. त्याच सगुणाबाई डोंबिवलीत, मानपाड्याला, वासंतीच्या घरी पाहुण्या येऊन भिंतीला टेकून गुडघा चोळत बसल्या होत्या आणि समोर बिनतारी खात्याची सरकारी बाई उभी होती. चाळिशीची, ताठ, इस्त्रीच्या साडीतली. खाली रस्त्यात तिची गाडी. टपावर गोल अँटेना, परवान्याशिवाय कोण कुठून बोलतं ते हुडकणारी.

“बसा ना,” वासंती म्हणाली.

बाईने कोपऱ्यातली खुर्ची ओढली, पण ती सगुणाबाईंपुढे ठेवली. “तुम्ही वर बसा. गुडघा दुखतो ना तुमचा.”

सगुणाबाईंच्या भुवया वर गेल्या. “माझा गुडघा पन सरकारदरबारी लागला का?”

“रोज रेडिओवर सांगता तुम्ही. ऐकणं आमचं काम आहे.”

“मंग आयकून आयकून एकदा तेल तरी धाडायचं!”

वासंतीला हसू फुटलं. बाई हसली नाही.

“चिमणी कोण आहे?” तिने विचारलं.



रोज दुपारी, घरातली माणसं कामावर गेली आणि भांडी पालथी पडली की या बायका रेडिओवर जमत. वासंती हजेरी घेई. एकेकीचं नाव पुकारी. सगळ्या झाल्या की सगुणाबाई ओवीची एक ओळ टाकत आणि जिला सुचेल ती दुसरी ओळ जोडून ओवी पुरी करी. असं जोडून झाल्याशिवाय कुणी सेट बंद करत नसे.

आणि तीनेक वर्षांपूर्वी हजेरीच्या शेवटी कुठूनसे तारयंत्रासारख्या मोर्सच्या किल्लीचे दोन ठिपके आले. टिक टिक. ना नाव, ना गाव, ना परवान्याचा नंबर. सगुणाबाईंनी तिचं नाव चिमणी ठेवलं. तेव्हापासून वासंती तिचंही नाव पुकारू लागली, अगदी उघडपणे. चिमणी तोंडाने कधी बोलली मात्र नाही.

“परवाना नसलेलीची तुम्ही हजेरी घेता,” बाई म्हणाली. “ती कुठे राहते ते सांगा. नाहीतर आज हा सेट सील करायचा हुकूम आहे.”

“ठाऊक नाही,” वासंती म्हणाली. “आणि ठाऊक असतं तरी सांगितलं नसतं.”

“आमची गाडी बाहेर पडली की ती गप्प होते. साहेबांना वाटतं, तिला कुणीतरी आधी कळवतं.”

“चिमनी हाय ती,” सगुणाबाई म्हणाल्या. “मांजर निघालं का तिला कलतं.”

“तुमचा परवानाही जाईल, वासंतीबाई.”

वासंतीने सेटवर हात ठेवला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून एकेक भाग आणून तिने तो स्वतः जोडला होता. अजूनही त्याच्या माईकची कळ अडायची, अंगठा तिरका करून दाबावी लागायची.

“कल्याणच्या गोदाची मुलगी बाळंत होताना अडली,” ती म्हणाली. “रक्त मिळेना. फोन बंद. मी इथून ओरड ओरड ओरडले. कुणी नव्हतं. एकटी चिमणी होती. मोर्समध्ये म्हणाली, थांब. दिवेलागणीच्या आत ठाण्याहून बाटल्या आल्या. त्या दिवशी तुमच्या त्या ऐकत बसणाऱ्या केंद्राने माझी हाक ऐकली होती का?”

“ऐकली होती.”

“आनि गपच बसलात,” सगुणाबाई कडाडल्या. “ती नाय बसली! जा, सांग तुझ्या सायबाला, आमी आमची चिमनी देत नाय.”

बाई खिडकीशी गेली. खाली गाडीत ड्रायव्हर डुलक्या घेत होता. तिने पिशवीतून लाखेची कांडी आणि मेणबत्ती काढून सेटजवळ ठेवली.

तेवढ्यात सेट खरखरला. “वासंतीताई, कल्याणहून गोदा बोलतेय. अगं, हजेरी नाही का आज? नात मांडीवर झोपलीय, उठायच्या आत घे बाई.”

वासंतीने बाईकडे पाहिलं. “सील करायचं तर हजेरीनंतर करा.”

आणि तिने अंगठा तिरका करून कळ दाबली. एकेक नाव पुकारलं. एकेकीने ओ दिली. शेवटी, बाईच्या डोळ्यांत डोळे घालून, नेहमीपेक्षा मोठ्याने ती म्हणाली, “चिमणी?”

नुसती खरखर.

“गाडी खाली उभी आहे ना,” वासंती म्हणाली. “कशी येईल?”

सगुणाबाईंनी हात पुढे करून माईक मागून घेतला. गुडघा चोळत, संथ आवाजात त्यांनी ओळ टाकली.

“चिमने गं बाई, खोपा तुजा कुन्या रानी…”

 दुसरी ओळ कुणी जोडेना. ओळ तशीच लोंबकळत राहिली.

सरकारी बाई पुढे झाली. सगुणाबाईंच्या हातून तिने माईक काढून घेतला. वासंती झेपावली, “त्यांना काही बोलू नका, जे काय ते माझ्यावर घ्या,” पण तोवर बाईने अंगठा तिरका करून कळ दाबली होती.

“सरकारी वळचणीला, ऐकते गं तुझी गाणी,” ती म्हणाली. “चिमणी हजर. नाव भागीरथी.”