साक्षीला कोण?

"त्या वेळी हे कुणाला सांगितलं होतं का तुम्ही?" चर्चच्या तक्रार समितीवरच्या निवृत्त न्यायाधीशबाईंनी विचारलं. आवाज मऊ होता, तरी समोरच्या शिंपिणीनं आधी दाराकडं पाहिलं.

इथवर ती न अडखळता बोलली होती. बारा वर्षांची असताना गाण्याच्या तालमीनंतर फादर तिला मागं थांबवून घ्यायचे. दार लावून घ्यायचे. चार महिने हे चाललं. पुढं तेहतीस वर्षं ती गप्प राहिली. संसार केला, दुकान उभं केलं. गेल्या महिन्यात गायनवृंदातल्या मुली झग्याची मापं द्यायला आल्या. त्यातली एक म्हणाली, "म्हातारे फादर परत आलेत, आम्हाला गाणं शिकवायला." माप अर्धवट टाकून शिंपीण खाली बसली. दुसऱ्या दिवशी तिनं चर्चला पत्र लिहिलं.

"आईला सांगितलं होतं. तिनं थोबाडीत मारली."

"आई आहेत?"

"बाहेर बसलीय."

बोलावू नका, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. आई एकही रविवार न चुकवणारी. फादरविरुद्ध अवाक्षर खपवून न घेणारी. सकाळी चपला घालून "मीही येते" म्हणाली, तेव्हाच शिंपिणीला वाटलं होतं, ही आपल्याला खोटं पाडणार.

समितीवरचे तरुण फादर आईला घेऊन आले. त्यांनी खुर्ची पुढं केली. म्हातारी बसली नाही. टेबल धरून उभी राहिली.

"आजी, तेव्हा तुमचा मुलीवर विश्वास बसला नाही का?"

"बसला होता की! म्हणून तर मारलं." आईचा आवाज चिरकला. "खोटं वाटलं असतं तर हसून सोडून दिलं असतं. लोक काय म्हणतील, याचीच धास्ती घेतली मी. पोर थरथरत होती आणि मी तिचंच तोंड बंद केलं. लिहून घ्या. माझ्या नावानिशी लिहा."

तरुण फादर लिहीत राहिले. मान खाली, कान लाल. न्यायाधीशबाई म्हणाल्या, "आजपासून ते म्हातारे फादर मुलांच्या आसपास फिरकणार नाहीत. पोलिसांकडे मी तुमच्याबरोबर येते. आत्ताच निघू."

शिंपिणीला रडू फुटलं. आईचा रागही यायला हवा होता. तो पुढं कधीतरी येईलही. आत्ता मात्र छातीवरचा दगड कुणीतरी उचलल्यासारखा तिला पहिल्यांदा पोटभर श्वास घेता आला. आपण आईला खोट्या वाटलो, हेच तर ती इतकी वर्षं धरून बसली होती.

पायऱ्या उतरताना आईनं तिचा दंड घट्ट धरला.

"तिथं तू नुसती बस," आई म्हणाली. "आधी मी सांगते."