दुसरी ‘ब’च्या दोन बाई

“तिला त्या वर्गातून काढा. आजच्या आज!”

पून आजोबांचा आवाज एवढा चढला की व्हरांड्यात डबा खाणारी मुलं दारापाशी गोळा झाली. मोक बाईंनी दार लावून घेतलं. आजोबांनी वर्ग बदलण्याचा अर्ज टेबलावर आपटला. नातीचे आईवडील दोघंही पाळीवर जायचे, चिंग-लामला सांभाळायचे ते आजोबाच. त्यामुळे खाली सहीही त्यांचीच होती.

दुसरी ‘ब’मध्ये अठ्ठावीस मुलं. सहा कर्णबधिर, बाकीची ऐकणारी. आणि शिकवायला दोन बाई. मोक बाई कँटोनीजमध्ये बोलायच्या. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या याउ बाई हातांनी बोलायच्या. कुणी कुणाची दुभाषी नव्हती. धडा दोघींचा होता. सप्टेंबरात हे ठरलं तेव्हा सव्वीस वर्षं एकटीने फळा सांभाळलेल्या मोक बाई कुरकुरल्या होत्या, “एका म्यानात दोन तलवारी कशाला?” मग एके दिवशी अर्धा आणि पाव शिकवताना याउ बाईंनी हवेतच सणाचा गोल चंद्रकेक कापला. इतका हुबेहूब, की शेवटच्या बाकावरच्या पोराने आपला वाटा खाऊन बोटं चाटली. तेव्हापासून मोक बाई बसमध्ये बसल्या बसल्या हातांचा सराव करायच्या. लोक बघतात तर बघू देत.

“आजोबा, झालं काय ते तर सांगा,” मोक बाई म्हणाल्या.

“जेवायला बसलं की कार्टी माझ्यासमोर हात नाचवते! तोंड उघडत नाही. माझी टिंगल करते. बहिऱ्यांत बसून उद्या मुकी होईल ती!”

“अहो, वाचनात ती वर्गात पहिल्या पाचांत आहे.”

“पाच वर्षांची? सात पूर्ण झाली तिला! एवढंही माहीत नाही?”

माणूस भांडायलाच आलाय, मोक बाईंच्या मनात आलं. त्या पाठ करून कपाटातून चिंग-लामची वही शोधू लागल्या. शोधता शोधता पोरीचं कौतुक सांगत होत्या. मागून हूं नाही की चूं नाही. वळल्या तर आजोबा भिंतीकडे बघत उभे होते.

तेवढ्यात याउ बाईंनी मोक बाईंच्या दंडाला हात लावला. मग हातांनी म्हणाल्या, “यांना ऐकू येत नाही.”

“छे, चिडलेत नुसते,” मोक बाईंचे हात उत्तरले.

“तुम्ही समोर असलात की तुमच्या ओठांवरून नजर हलत नाही त्यांची. न कळता मान हलवणारा तो चेहरा मी आयुष्यभर आरशात पाहिलाय, मोक बाई.”

याउ बाईंनी खुर्ची ओढून आजोबांना बसवलं. कागदावर ठळक अक्षरांत लिहिलं, “कधीपासून?”

आजोबांचा चेहरा लाल झाला. “मला सगळं ऐकू येतं!” ते ओरडले. पण पंचवीस वर्षं क्वुन टोंगच्या पत्र्याच्या कारखान्यात खडखडणाऱ्या यंत्रावर काढलेल्या त्या माणसाची बोटं कागदाची कड चुरगाळत राहिली.

चिंग-लामला बोलावलं. तिने टेबलावरचा अर्ज वाचला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मोक बाईंनी विचारलं, “आजोबांशी तू तोंडाने का बोलत नाहीस गं?”

पोरीने आजोबांकडे पाहिलं. बोलावं की नाही, ठरेना. मग याउ बाईंकडे वळून ती हातांनीच सांगू लागली. भरभर, अडखळत, मध्येच नाक पुसत.

एरवी खुणा नीट कळल्या की नाही, याची मोक बाई याउ बाईंकडे बघून खात्री करून घ्यायच्या. आज त्यांनी सरळ पेन उचललं. पोरगी सांगत गेली, त्या लिहीत गेल्या. शेवटी याउ बाईंनी कागदावरून नजर फिरवली, एकच शब्द बदलला आणि कागद आजोबांपुढे सरकवला.

आजोबांनी चष्मा चढवला.

“मी बोलले की आजोबा नुसतं हं हं म्हणतात. त्यांना कळलेलं नसतं. मी आईला सांगितलं नाही, आजोबांना लाज वाटेल म्हणून. वर्गात ज्यांना ऐकू येत नाही, त्यांना हातांनी सगळं कळतं. म्हणून मी रोज जेवताना हातांनी विचारते, आज दिवसभर काय केलंत? पण ते माझे हात खाली दाबतात.”

आजोबांनी कागद दोनदा वाचला. चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला. चिंग-लाम भीत भीत पुढे आली. त्यांच्यासमोर उभी राहून तिने तोच प्रश्न हातांनी पुन्हा विचारला.

या वेळी आजोबांनी तिचे हात दाबले नाहीत. ते पुढे वाकले आणि आल्यापासून पहिल्यांदाच हलक्या आवाजात म्हणाले,

“जरा सावकाश कर गं पोरी. मी नवीन आहे.”