कडेवर

"आई, कडेवर घे ना!" तीन वर्षांच्या ओवीने हात वर केले.

वैजयंतीने नकळत कंबर बाजूला काढली आणि खुब्यावर बांधलेला, सांध्यावर ताण येताच इशारा देणारा पट्टा कर्कश वाजला. हाडं शाबूत होती. पण चंद्रावरच्या कमी गुरुत्वाकर्षणात दोन वर्षं वावरल्याने सांधा आवळून धरणारे बंध सैल पडले होते. लेकीच्या भाराने खुबा निखळलाच असता.

"आईला बाऊ झालाय, सोनू," म्हणत वैजयंतीच्या धाकट्या बहिणीने ओवीला उचललं. मावशीच्या कडेवर ओवी सवयीने विसावली. मग आईचा उतरलेला चेहरा बघून तिने हातातली चिंध्यांची बाहुली पुढे केली.

"हिला घे. ही जड नाहीये."

वैजयंतीने बाहुली कडेवर घेतली. पट्टा अजिबात वाजला नाही.