पासपोर्ट नसलेली लेखिका

"पासपोर्ट नाही? मुळात काढलेलाच नाही?" गंगाधर सरांचा आवाज वाचनालयाच्या जिन्यापर्यंत गेला.

"नाही, सर," हर्षाली म्हणाली.

सरांनी तिची कादंबरी टेबलावर आपटली. स्थलांतरितांवरच्या सर्वोत्तम कादंबरीचा पुरस्कार त्यांनी तिला जवळजवळ देऊन टाकला होता. परीक्षक दोघंच, सर आणि त्यांच्या पत्नी सुधाबाई. नवरा-बायकोच परीक्षक, यात नाशकात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं. सुधाबाई सरांच्या विरुद्ध मत देणार नाहीत, हे सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं.

सरांनी आयुष्यभर हाच विषय शिकवला. लंडनमधला भारतीय, टोरांटोतला भारतीय, आणि धड इथला ना तिथला राहिलेला भारतीय. स्वतः ते पंचवटीत जन्मले, पंचवटीतच राहिले, आणि विमानात बसले ते एकदाच, गोव्याला जायला. तरी परकेपणावर त्यांच्याइतकं छातीठोक बोलणारा माणूस अख्ख्या जिल्ह्यात नव्हता.

या कादंबरीवर त्यांनी भलामोठा लेख लिहिला, तो छापूनही आला. मग कुणीतरी फोन करून सांगितलं, की ही लेखिका नाशिक जिल्ह्याबाहेर कधी राहिलेलीच नाही. आता सरांचं हसं होणार होतं. म्हणून आज तिला खुलाशाला बोलावलं होतं. खुलासा पटला नाही, तर पुरस्कार रद्द आणि 'ही बाई खोटारडी आहे' असा दुसरा लेख.

"तुमची नायिका परक्या देशात जाते. देशाचं नाव कुठेच नाही. मी कॅनडा धरून चाललो."

"मी कुठे म्हटलं कॅनडा?"

"उलट बोलू नका! तिच्या बोलण्याला तिथले लोक हसतात. तिच्या हातच्या जेवणाला नाकं मुरडतात. मायदेशी जायचं तर परवानगी काढावी लागते. आणि गेली, तर तिथेही ती पाहुणीच. हे काहीच न भोगता लिहिलंत? दुसऱ्यांची दुःखं चोरलीत तुम्ही!"

"चोरी नही शे, सर." हर्षालीचा चेहरा लालबुंद झाला. लगेच तिने शब्द सुधारले. "म्हणजे, चोरी नाही."

सर गालातल्या गालात हसले. सटाण्याकडची बाई, आणि आव परदेशाचा! सुधाबाई मात्र हसल्या नाहीत.

"अहो, तिला बोलू तर द्या."

"तू मध्ये पडू नकोस."

संताप हर्षालीलाही आला होता. फक्त तो टेबलावर आपटायची तिला सवय नव्हती.

"सर, ही वेदना भोगणाऱ्यालाच लिहिता येते, असं तुम्हीच लेखात लिहिलंय," ती म्हणाली. "ते वाचून मी रडले होते. पहिल्यांदा कुणाला तरी कळलं, असं वाटलं. आणि आज तुम्हीच मला चोर म्हणताय. पुरस्कार ठेवा तुमच्याकडे. पण मला खोटारडी म्हणू नका. मी परमुलखातच राहते."

"कुठे?"

"पंचवटीत. तुमच्या मागच्या गल्लीत."

सरांचा तोल सुटला. "माझी थट्टा करता? या वयात?" त्यांनी कादंबरी उघडली, पानं चाळली आणि एक पान तिच्या तोंडासमोर धरलं. "मग हे प्रकरण सांगा! पहिल्याच दिवशी तिथले लोक तिचं नाव काढून घेतात. त्यांना आवडेल ते दुसरं देतात. वर टाळ्या वाजवतात! आणि ती बिचारी त्यांच्याबरोबर हसते. मी याला सत्तेच्या क्रौर्याची परिसीमा म्हटलं, लेखात सगळ्यात जास्त जागा याला दिली. असली रानटी माणसं पंचवटीत कुठल्या घरात राहतात, ते आम्हालाही कळू द्या. बोला!"

हर्षालीने सुधाबाईंकडे बघितलं.

"आपल्याच घरात," सुधाबाई म्हणाल्या. "ताटातल्या तांदळावर तुम्ही अंगठीने 'सुधा' लिहिलंत आणि घरभर टाळ्या झाल्या. मीही हसले होते. माझं नाव छाया आहे."