हलका दगड

मँगनीजच्या खाणीवर पारबताबाईचा जन्म दगड निवडण्यात गेला. धरतीवर झाडही नव्हतं तेव्हाचे हे दगड, असं खाणीतले साहेब सांगत. ती फक्त तळहातावर तोलायची. जड लागला तर टोपलीत, हलका लागला की मागे भिरकावलाच.

दवाखान्यात लेक अजून गुंगीत होती. दिवस भरण्याआधीच जन्मलेली नात नर्सने पारबताबाईच्या हातांवर ठेवली. सवयीने हात वरखाली झाले.

"भलतीच हलकी हाये वो, बाई!"

"म्हणूनच छातीशी धरा, मावशी. तुमच्या उबेनं वाढेल."

बऱ्याच वेळाने नर्स परत आली. "द्या आता, हात भरून आले असतील."

पारबताबाईने नातीला आणखी घट्ट धरलं. जन्मभर हलकं ते फेकत आलेले हात काही केल्या सुटेनात.